पुतळीबायचा अंगठा

१

पुतळीबायचा अंगठा चोरीला गेला तेव्हा तो तिच्या हातालाच होता. म्हणूनच तर चोरी कळायला महिना लागला.

एप्रिलच्या एका सोमवारी ती जिते गावाहून रिक्षात दाटीवाटीनं बसून पेणला आली आणि तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली. तिथे रिझवानाचं दस्तलेखनाचं टेबल होतं. एक संगणक, एक कुरकुरणारा प्रिंटर, हिरव्या लेजर कागदांचा गठ्ठा आणि मागे पाटी, ‘कोऱ्या कागदावर सही करू नये’. ती पाटी वाचता न येणारी माणसंच तिच्याकडे जास्त यायची, हा भाग वेगळा.

“हे वाच गो,” पुतळीबायनं पिशवीतून पाकीट काढलं. “पोस्टमन म्हनला, सरकारी हाय.”

रिझवानानं वाचलं आणि पुन्हा वाचलं. प्रांत कार्यालयाची नोटीस होती. सोबत एका संमतीपत्राची झेरॉक्स.

“आजी, तुम्ही कंपनीला संमती दिलीय. तुमच्या घराच्या दक्षिणेकडून पाण्याची लाइन न्यायला. चौदा मार्चला.”

“मी? मी नाय दिली.”

रिझवानानं कपाटातून पुतळीबायची जुनी फाईल काढली. गेल्या वर्षी नवरा गेल्यावर वारस नोंदीसाठी तिनंच अर्ज लिहिला होता आणि त्यावर म्हातारीचा अंगठा होता. त्या अंगठ्याच्या मधोमध एक तिरपी रेघ होती, लहानपणी विळा लागलेला. झेरॉक्सवरच्या अंगठ्यातही तीच तिरपी रेघ होती.

पुतळीबाय वाकून दोन्ही ठसे बघत राहिली. मग स्वतःचा अंगठा उलटा करून बघितला.

“अंगठा माजाच हाय,” ती म्हणाली. “पन मी दिला नाय.”

म्हातारीचं अर्धं घर त्या कागदावर गेलं होतं. जित्याच्या पुढच्या वाडीत पाच जणांच्या जमिनी एकाला एक लागून होत्या. उत्तरेच्या कडेनं गॅसची लाइन आधीच गेलेली. त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही, फक्त भात आणि वाल घ्यायचे. आता समुद्राकडच्या गॅसच्या कारखान्याला पाणी हवं होतं, आणि ते पाणी नेणाऱ्या लाइनीसाठी कंपनी दीड वर्षं पाचही जणांच्या मागे लागली होती. पाच जणांनी कमिटी करून ठरवलं होतं, की पाणी न्यायचंच तर जुन्या पट्ट्यातूनच न्या, आणि कंपनीशी एकट्यानं कुणी बोलायचं नाही.

या संमतीपत्रानं लाइन मधेच वळवून पुतळीबायच्या दारात आणली होती. उत्तरेला गॅस, दक्षिणेला पाणी, मधे ती. पडवी पाडायची, विहीर बुजवायची आणि उरलेल्या दोन खोल्यांत देवाचं नाव घेत बसायचं.

“गुरुवारी सुनावणी आहे,” रिझवाना म्हणाली. “तोवर सिद्ध करायला हवं, की हा कागद खोटा आहे.”

“खोटाच हाय.”

“अंगठा खरा आहे ना, आजी.”

शेजारच्या टेबलावरचा स्टॅम्पवाला हे सगळं कान टवकारून ऐकत होता. संध्याकाळी रिझवाना घरी पोचायच्या आत वाडीत बातमी पोचली होती, आणि ती अशी : पुतळीचे सगळे कागद शरीफभाईची पोरगी करते. मग हा दुसऱ्या कुणी केला असणार?

२

रिझवानाचं माहेरही त्याच वाडीत होतं, आणि नवरा बहारीनला असल्यामुळे सासरही तेच झालं होतं. वडील शरीफभाई पाच जमीनमालकांपैकी एक. मंगळवारी तिनं टेबल बंद ठेवलं आणि वाडीतून फिरायला निघाली. लोकांनी नमस्कार घेतले, पण डोळे दुसरीकडे ठेवले.

झेरॉक्स तिला एव्हाना पाठ झाली होती. एक गोष्ट तिच्या धंद्याच्या नजरेनं लगेच हेरली होती. माणूस आधी मजकूर लिहितो, मग त्याच्याखाली अंगठा घेतो. इथे अंगठा अगदी पानाच्या तळाला होता आणि छापलेल्या मजकुराच्या शेवटच्या ओळी त्याला गाठण्यासाठी लांब लांब सोडल्या होत्या. म्हणजे अंगठा आधी आला होता आणि मजकूर मागून. पण कोऱ्या कागदावर अंगठा द्यायला पुतळीबाय काही इतकी भोळी नव्हती. मासळीवालीला ती सुट्टे दोनदा मोजून देते.

पहिलं घर शकूताईचं. बचत गट चालवणारी, तोंडाची फटकळ. ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. कोपऱ्यात शेंगा भाजायचं, पोपटीचं जुनं मडकं उपडं पडलं होतं, बुडाला काळंकुट्ट.

“शकूताई, पुतळीआजीनं कुठे कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता का?”

दाणे टाकणारा हात थांबला. “मला काय म्हाईत? मी तिच्या अंगठ्याला बांधलेली हाय व्हय?”

“गटाच्या कागदावर?”

“गटाचा शिक्का जांभळा असतो. जा, बघून ये. आनि तुज्या टेबलावर काय काय व्हतं तेबी बघ.”

पुढे काळुराम. हा गडी वासे तासत बसला होता. बोलायला गोड, पण आज वर बघत नव्हता. रिझवाना बांधावरच्या एका ताज्या बुंध्यावर बसली. खोड अंगणात चिरून पडलं होतं.

“जांभूळ तोडली वाटतं?”

“फेब्रुवारीतच. छप्पर करायचंय. कंपनी झाडाला काय देईल तवा देईल, पाऊस त्याच्या आधी येतो.”

“काळुदादा, हा कागद कुणी केला असेल?”

“मी काय केलेलं नाय,” तो घाईनं म्हणाला. “आनि मला विचारू नको. कुनालाच विचारू नको. गुरुवारी काय व्हईल ते व्हईल.”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे.”

त्यानं वाकस खाली ठेवला. त्याचा चेहरा घामानं डबडबला होता. “तुला काय वाटतं, माझं घर मला नको हाय?” एवढंच म्हणून तो आत गेला आणि भर सकाळी दार लावून घेतलं.

कंपनीचा जमिनीचा माणूस जितेश तिला रस्त्यावर मोटारसायकलवर भेटला. पेणचाच पोरगा, दर आठवड्याला नकाशा घेऊन वाडीत चक्कर मारणारा. त्यानं हात वर केले.

“ताई, चौदा मार्चला आपला कॅम्प होता. दुसऱ्या दिवशी हा कागद आमच्या ऑफिसच्या पेटीत होता. कुणी टाकला ते मी बघितलं नाही. अंगठा जुळला, पुढे पाठवला. आणि मी केला असता तर गट नंबर, मीटर, सगळं नकाशावरून लिहिलं असतं. यात तर मीटरचा पत्ताच नाही, झाडं आणि बांध लिहिलेत.”

ते खरंच होतं. चतुःसीमा कंपनीच्या भाषेत नव्हत्याच. ‘उत्तरेस गॅसची लाइन, पश्चिमेस शरीफ यांचे शेत, पूर्वेस काळुराम यांचा बांध व त्यावरील जुने जांभळीचे झाड.’ हे लिहिणारा वाडीचा होता. बहुधा पाचांतलाच एक.

घरी शरीफभाई ओट्यावर बसून वालाच्या बियाण्याला राख चोळत होते. रिझवानानं तोच प्रश्न त्यांनाही विचारला. आयुष्यात लेकीशी खोटं न बोललेला तो माणूस खाली बघत म्हणाला, “मला काय ठाऊक, बेटा?”

आणि रिझवानाला पहिल्यांदा स्वतःच्या घरात भीती वाटली.

३

बुधवारी सकाळी तिनं प्रांत कार्यालयात अर्ज करून मूळ कागद बघायला मागितला. सुरभी नावाच्या कारकूनबाईनं फाईल समोर ठेवली आणि स्वतःही समोर बसली.

“हात लावायचा नाही, फक्त बघायचं.”

“पान उलटू ना?”

“तेवढं उलटा.”

फाईलमध्ये त्या दिवशीच्या कॅम्पची इतर गावांतली संमतीपत्रंही होती. सगळे अंगठे जांभळे, शिक्क्याच्या शाईचे. पुतळीबायचा मात्र काळा. झेरॉक्समध्ये सगळंच काळं दिसतं, म्हणून हे निसटलं होतं. पान उलटताना रिझवानाचं बोट ठशाच्या कडेला लागलं आणि बोटाचं टोक काळं झालं. महिन्याभरापूर्वीची शाई बोटाला लागत नाही. मागच्या बाजूला, बरोबर अंगठ्यामागे, कागद तेलकट होऊन पारदर्शक झाला होता.

तेल आणि काजळी.

कुठल्या घरात आज काजळी सापडते? पुतळीबाय चार वर्षं सिलिंडरवर स्वयंपाक करत होती, चुलीपुढे बसणं तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. शाई हाताशी नसताना, पण काजळी हाताशी असताना, पाच माणसं कुठे जमतात? रिझवानाच्या डोळ्यांसमोर शकूताईच्या अंगणातलं उपडं मडकं आलं आणि ती खुर्चीवरून उठलीच.

पोपटी. शेतात शेंगा हिरव्या असतात तोवरच पोपटी लागते. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, जाडं मीठ, वर जाळ. होळीपर्यंत शेंगा वाळून जातात, मग मडकं काय दगड भाजायला लावायचं? चौदा मार्चला या तालुक्यात कुणाचं मडकं लागलेलं नव्हतं. अंगठा जानेवारीतला होता. आणि जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी अब्बा शकूताईच्या शेतावर पोपटीला गेले होते. त्यांच्यासाठी अंडी-शेंगांचं वेगळं मडकं लावलं होतं, आणि येताना त्यांनी तिच्यासाठी पिशवीभर शेंगा आणल्या होत्या.

ती तशीच घरी गेली. शरीफभाई अंगणात होते. तिनं काळं झालेलं बोट त्यांच्यासमोर धरलं.

“अब्बा, पोपटीच्या दिवशी तुम्ही काय केलंत?”

त्यांनी बोटाकडे बघितलं आणि मटकन ओट्यावर बसले.

“कंपनी एकेकाला फोन करत होती. कुणाला नोकरी, कुणाला काय. कुणी फुटला तर सगळे गेले. मग ठरलं, प्रत्येकानं कोऱ्या लेजर कागदावर खाली सही करायची. कुणी फुटला, की बाकीच्यांनी त्याच्या कागदावर काय हवं ते लिहावं. म्हणजे कुणी फुटणार नाही. पाच कागद. पुतळीला सही येत नाही, शेतावर शिक्क्याची शाई नव्हती, तर काजळीत तेलाचा थेंब टाकला. गावदेवीची शपथ घेतली. मी अल्लाची घेतली. कुणाला सांगायचं नाही.”

“कोऱ्या कागदावर,” रिझवाना म्हणाली. “माझ्या बापानं.”

“पाच दोस्तांमध्ये कसला आलाय कोरा कागद, असं वाटलं बेटा.”

तिला त्यांचा संताप आला, आणि त्याच वेळी दयाही. आता शकूताईचा थांबलेला हात कळला, काळुरामचं बंद दारही कळलं. सगळ्यांचे कागद, पुतळीबायचा भरणाऱ्या माणसाकडेच असणार. जो तोंड उघडेल त्याच्या कागदावर उद्या काहीही लिहिलं जाईल.

“कागद कुणाकडे आहेत?”

शरीफभाईंनी मान हलवली. “ते विचारू नको. माझी सही पण तिथेच आहे. हे घर आहे त्याच्याखाली.”

४

नाव सांगायची गरज नव्हती. रिझवाना विहिरीच्या काठावर बसली आणि झेरॉक्स पुन्हा उघडली.

पूर्वेस काळुराम यांचा बांध व त्यावरील जुने जांभळीचे झाड.

काल ती त्या झाडाच्या बुंध्यावर बसली होती! झाड फेब्रुवारीत गेलं. वाडीत राहणाऱ्या प्रत्येकानं ते पडताना बघितलं होतं, निम्म्या वाडीनं तर दोर ओढायला हात लावला होता. काळुराम स्वतः तोडलेलं झाड मार्चमध्ये लिहील का? शकूताईच्या दारातून तो मोकळा बांध रोज दिसतो. अब्बा रोज त्या बाजूनं शेतावर जातात. कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र जांभूळ अजून उभी होती. म्हणजे फेब्रुवारीपासून त्यानं वाडीत पाऊल टाकलं नव्हतं.

असा पाचांत एकच होता. कमिटीचे अध्यक्ष हैबतराव. धाटावच्या कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, रोह्याजवळ वरशाला फ्लॅटमध्ये राहणारे. पोपटीनंतर आठवड्याभरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून कमिटीच गाडीनं त्यांच्याकडे जात होती.

दुपारच्या गाडीनं रिझवाना रोह्याला उतरली आणि वरशाला पोचली तेव्हा हैबतराव कॉटवर पाय लांब करून बसले होते. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधे एकदाही नाही म्हटलं नाही.

“जांभळीचं लक्षातच आलं नाही बघ,” ते शेवटी म्हणाले. “लहानपणापासून पुतळीच्या शेताची ती खूण. डोळे मिटले की तीच दिसते.”

“काका, का केलंत?”

दार वाजलं. त्यांचा मुलगा अक्षय पहिल्या शिफ्टवरून आला होता. अंगावर रसायनाचा वास, डोळे लाल. रिझवानाला मान लवून तो आत गेला.

“नऊ वर्षं कंत्राटावर आहे,” हैबतराव आवाज खाली आणून म्हणाले. “दर अकरा महिन्यांनी काढतात, पुन्हा घेतात. कंपनीचा पंपहाऊस होणार आहे, तिथे कायम करतो म्हणाले. पण सगळ्यांना थांबवून ठेवणारा मीच, म्हणून अट एकच. एक संमती आणून दे, कुणाचीही. माझी दिली असती तर तुम्ही सगळ्यांनी मला जाळलं असतं.”

“म्हणून पुतळीआजी.”

“तिला वाचता येत नाही. तिचा कागद सगळ्यांत बिनधोक वाटला. पाकिटात घालून पेटीत टाकायला पाठवला.” ते कडवट हसले. “तिनंच नेमका काजळीनं अंगठा दिलेला.”

“मी उद्या सांगणार आहे.”

“सांग की. तू जमीनमालक नाहीस, तुझं कोण ऐकणार? मालकांपैकी कुणीतरी बोललं पाहिजे.” त्यांनी उशीखाली हात घातला आणि तसाच ठेवला. “माझ्याकडे अजून तीन कागद आहेत. शकूचा, काळूचा आणि तुझ्या बापाचा. मला ते वापरायचे नाहीत, पोरी. वापरायला लावू नको.”

त्यांच्या आवाजात धमकी कमी आणि काकुळती जास्त होती, आणि म्हणूनच रिझवानाला जास्त भीती वाटली. हा माणूस आता मागे फिरू शकत नव्हता. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर राब भाजलेली काळी शेतं मागे पडत होती. तिला सगळं कळलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

५

“आजी, तुम्ही मला पोपटीचं का नाही सांगितलंत?”

उन्हं उतरली होती. पुतळीबाय पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

“शपथ घेतली व्हती. आनि तो कागद कोरा व्हता. हा तर लिवलेला हाय.” तिच्या दृष्टीनं ते दोन वेगवेगळे कागद होते, एक दोस्तांचा आणि एक चोरांचा. रिझवानानं समजावून सांगितलं तेव्हा सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

“हैबतनं?” ती म्हणाली. “आमी एका शाळंच्या पायरीवर खेळलो गो. तो आत गेला, मी भायेर राह्यली. हैबतनं?”

तिनं सूप खाली ठेवलं. मग एकदम म्हणाली, “मग त्याचा कागद?”

“कसला?”

“पाच कागद झाले ना? चार त्याच्याकडं. त्याचा सवताचा कुनाकडं ठेवायचा? शकू म्हनली, ज्याला वाचता येत नाय त्याच्याकडं. म्हंजे मी.”

ती आत गेली, ट्रंकेतलं नऊवारी उचकलं आणि घडी घातलेला हिरवा कागद आणून दिला. पूर्ण कोरा. तळाला हैबतरावांची ऐटबाज सही, आणि जन्मभराच्या कारखान्याच्या सवयीप्रमाणे सहीखाली तारीख, १९ जानेवारी. कोपऱ्यावर कागद धरताना उमटलेला काळा, तेलकट ठसा. तिरप्या रेघेसकट.

रिझवाना तो कागद घेऊन घरी गेली आणि लॅपटॉप उघडला. तिच्या हातून हजारो कागद गेले होते, मजकूर तिला आपसूक सुचला. ‘मी खाली सही करणार हैबतराव, लिहून देतो की, पुतळीबाय यांच्याऐवजी माझ्या शेतातून लाइन नेण्यास...’ एक पान. हैबतरावांचं शेत गेलं असतं, पुतळीबायची विहीर वाचली असती. कुणी काही म्हणू शकलं नसतं, कारण ठरावच तसा होता. फुटेल त्याच्या कागदावर बाकीच्यांनी लिहायचं.

तिनं कागद प्रिंटरमध्ये सरकवला. शरीफभाई दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या नजरेनंच ती ओशाळली.

“अब्बा, हा मी छापला तर उद्यापासून माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?”

“पुतळीच्या विहिरीचा फरक आहे,” ते म्हणाले. “पण तो मी करायला हवा. तू नाही.”

तिनं कागद कोराच बाहेर ओढला.

६

गुरुवारी प्रांतसाहेबांच्या दालनात पाचही मालक एका रांगेत बसले होते. हैबतराव काठी घेऊन टोकाला, मागे अक्षय उभा. जितेश कंपनीच्या वकिलाशेजारी. पंखा फिरत होता तरी सगळ्यांना घाम फुटला होता.

पुतळीबायच्या वतीनं रिझवानानं हरकत वाचली. ठसा कसा काजळीचा, चौदा मार्चला पोपटी कशी नसते, जांभूळ कधी तोडली. प्रांतसाहेबांनी मूळ कागद उजेडात धरला आणि मागचा तेलकट डाग बघितला.

“हे सगळे तर्क झाले,” कंपनीचे वकील म्हणाले. “असे कोरे कागद होते, याला पुरावा काय?”

रिझवानानं हिरवा कागद टेबलावर ठेवला. “हा कोराच आहे, साहेब. यावर मी एक अक्षरही लिहिलेलं नाही.”

हैबतरावांनी मान वर केली आणि कागद ओळखला.

“सही तुमची?” प्रांतसाहेबांनी विचारलं.

नाही म्हणावं तर त्याच फाईलमध्ये कमिटीची वीस पत्रं होती, प्रत्येकावर तीच सही आणि खाली तशीच तारीख. हो म्हणावं तर सगळं संपलं. हैबतरावांनी मागे अक्षयकडे बघितलं.

तेवढ्यात शरीफभाई उभे राहिले.

“साहेब, मी पण केली. कोऱ्या कागदावर, त्याच दिवशी. माझी मुलगी हाच धंदा करते, तरी केली. तो कागद उद्या कुणी भरून आणला तर तो माझा नाही, हे आज लिहून घ्या.”

आणि ते लिहून घेतलं जात असताना, इतके दिवस गळ्याशी आलेली गोष्ट किती साधी होती हे बाकीच्यांच्या लक्षात आलं. एकदा सगळ्यांदेखत बोललं, की त्या कागदांत जीवच राहत नव्हता. शकूताई ताडकन उठली. “माजी बी हाय.” तिच्यामागून काळुराम, कपाळ पुसत, “माझी बी.”

“सही माझीच आहे,” हैबतराव म्हणाले. “आणि तो मजकूरही माझाच.”

मागे अक्षय वळला आणि दालनाबाहेर निघून गेला. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खालपर्यंत ऐकू आला.

तासाभरानं संमती रद्द झाल्याचं सांगण्यात आलं. गुन्ह्याचं पुढे बघू, असंही सांगितलं गेलं. हैबतरावांनी उरलेले तिन्ही कागद खिशातून काढून दिले होते. शकूताईनं आपला जागच्या जागी फाडला, इतका बारीक की शिपाई ओरडला.

बाहेर व्हरांड्यात जितेश आला. “पुतळीआजी, कंपनी सोमवारी पुन्हा बसणार आहे. पण आता कमिटीशी नाही. एकेकाशी.”

“पाचांशी,” पुतळीबाय म्हणाली.

“पाच कुठले?” काळुराम थुंकल्यासारखं बोलला. “चार.”

हैबतराव बाकावर एकटेच बसले होते. मुलगा निघून गेलेला, ऑपरेशनचा पाय आखडलेला, आणि स्टेशनपर्यंत नेणारं कुणी नाही. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. रिझवानाला त्यांचा संताप येत होता आणि त्यांना असं बसलेलं बघवतही नव्हतं.

पुतळीबाय मात्र बघत होती. डोकं चालवत होती.

“जुन्या पट्ट्यातून लाइन जायची तर त्याचं शेत मधीच हाय,” ती रिझवानाला म्हणाली. “त्याला सोडलं तर त्यो एकटा पडंल. एकट्याला कंपनी घेईल. मग फिरून माजी विहीर.”

“आजी, त्यानं तुमचं घर विकलं होतं.”

“म्हनून तर त्याला सोडायचा नाय.”

ती पदर खोचून बाकापाशी गेली. हैबतरावांनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरले होते.

“पुतळे, मी...”

“बोलू नको. सोमवारी पन बोलायचं नाय. आमी बोलू, तू नुसतं बसायचं. ऊठ, रोह्याची गाडी चुकंल.”

त्यांनी काठी टेकली. तिनं त्यांच्या दंडाला धरून उठवलं, आणि उठल्यावरही दंड सोडला नाही.